समुद्र पिशवीत कसा भरला?

ऐकणाऱ्यांना या भागाच्या सुरुवातीला ठक-ठक असा आवाज आला असेल. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, तो वरवंट्याने दगड फोडल्याचा आवाज होता. आणि तो दगड म्हणजे मीठ.

झालं असं. माझ्याकडे ठाण्याच्या फ्लॅटमध्ये दीडशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. दोन क्लाउनफिश, एक अ‍ॅनिमोन, काही गोगलगायी आणि तेव्हा एक क्लीनर श्रिंपही होता. या टँकला लागणारं मीठ महाग असतं, म्हणून मी आणि कॉलेजच्या एका मित्राने मिळून पंचवीस किलोची बादली घेतली. निम्मं त्याचं, निम्मं माझं. त्याने बादलीतलं वरचं मीठ नेलं, तळातलं मला आलं. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत भरलं, तोंडाला रबरबँड लावला आणि गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवून दिलं. हा मार्च महिना होता. जुलैमध्ये पिशवी उघडली तर आत एकसंध धोंडा!

आता मिठाला पाणी सुटतं हे कुठल्या मराठी घरात माहीत नसतं? आजी पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकून ठेवायची. मला वाटलं, तसंच असेल, फोडलं की झालं. वरवंटा घेतला, धोंडा फोडला, बादलीत टाकला आणि वरून पाणी ओतलं. पाणी ताकासारखं पांढरं झालं. हायड्रोमीटर घातला, आकडा बरोबर दिसला, १.०२५. म्हटलं चला, आणि तासाभरात ते पाणी टँकमध्ये ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रिंप मेलेला होता. अ‍ॅनिमोन आवळून लिंबाएवढा झाला होता. मासे जगले, पण दोन दिवस कोपऱ्यात बसून होते. मग मी पाण्याच्या टेस्ट केल्या. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा, जेवढी हवी त्याच्या जवळपास निम्मी निघाली. आकडा बरोबर आणि पाणी चूक, हे कसं काय?

त्या रात्री मी पहिल्यांदा बादलीवरच्या सूचना नीट वाचल्या. कोरड्या जागी ठेवा. झाकण घट्ट लावा. वापरण्याआधी बादली हलवून मीठ एकजीव करा. मीठ पाण्यात घाला, पाणी मिठावर ओतू नका. वेगळ्या भांड्यात मिसळा. वाट पाहा. सगळ्या सूचना, आणि कारण एकाचंही दिलेलं नाही. ती कारणं शोधत मी जिथे पोहोचलो तो हा आजचा भाग. इतिहासाचा आहे, पण मीठ हातात घेऊन.

आधी एक गोष्ट सरळ करून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होईल. समुद्राचं पाणी म्हणजे मिठाचं पाणी, असं आपण धरून चालतो. माझं आजोळ उरणच्या बाजूला. तिथे लहानपणी मिठागरं पाहिली आहेत. चौकोनी वाफे, त्यात भरतीचं पाणी, उन्हाने ते आटतं आणि मग पांढऱ्या राशी. साहजिकच वाटतं, की समुद्रातून मीठ निघालं तर मीठ परत पाण्यात टाकलं की समुद्र तयार! पण तसं होत नाही, कारण समुद्र आटताना सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. १८४९ मध्ये उसिग्लिओ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्राचं पाणी टप्प्याटप्प्याने आटवून पाहिलं. सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. पाणी आटून साधारण पाचवा हिस्सा उरलं की जिप्सम. दहावा हिस्सा उरला की आपलं खायचं मीठ, सोडियम क्लोराइड. आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचे क्षार शेवटपर्यंत त्या कडू पाण्यातच राहतात. मिठागरात ते कडू पाणी काढून टाकतात, कारण ते राहिलं तर मीठ कडवट लागतं आणि सारखं ओलं होतं.

म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं मीठ हा समुद्राचा एक तुकडा आहे. कॅल्शियम आधीच्या वाफ्यात राहिलं, मॅग्नेशियम नंतरच्या पाण्यात गेलं. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं २७ ग्रॅमच्या आसपास साधं मीठ. उरलेल्या सात-आठ ग्रॅमवर गोगलगायीचा शंख, श्रिंपचं कवच आणि पाण्याचा सगळा तोल उभा असतो. टँकवाल्यांचं सगळं भांडण त्या सात-आठ ग्रॅमचं आहे.

आता लंडनला जाऊ. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला. काच स्वस्त झाली. रेल्वेमुळे मध्यमवर्ग समुद्रकिनारी सुट्टीला जायला लागला. तिथे खडकांच्या डबक्यांत दिसणारे जीव घरी आणावेत असं लोकांना वाटायला लागलं. पण ते घरी दोन दिवसांत मरायचे.

१८४६ मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्की गावाहून एका दगडी बरणीत मॅड्रेपोर म्हणजे कठीण सांगाड्याचे प्रवाळ लंडनला आणले. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये सब-डीन होते, म्हणजे घर शहराच्या अगदी मध्यात, समुद्र लांब. सुरुवातीला त्या पाणी बदलत राहिल्या. पण समुद्राचं ताजं पाणी रोज कोण आणून देणार? मग त्यांनी आहे तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, उघड्या खिडकीसमोर, वरून ओतायला सुरुवात केली. रोज अर्धा ते पाऊण तास. पाण्यात हवा मिसळायची, प्रवाळ जगायचे. हे काम प्रत्यक्षात त्यांच्या घरची मोलकरीण करायची. आज आपण अडीचशे रुपयांचा एअरपंप लावतो ना, तो एअरपंप म्हणजे ती बाई. अ‍ॅना थिन यांची नोंद पुढे १८५९ मध्ये छापून आली. मोलकरणीचं नाव काही आलं नाही.

जवळपास त्याच काळात रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ लंडनच्या अपोथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधी बनवणाऱ्यांच्या संस्थेत, काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि पाणवनस्पती यांचा मेळ बसवत होता. वनस्पती प्राणवायू देते, मासा जगतो, पाणी न बदलता चालतं, हे त्याने १८५० मध्ये लिहून प्रसिद्ध केलं. पुढे हाच प्रयोग त्याने खाऱ्या पाण्यात केला.

पण आपल्या गोष्टीचा मुख्य माणूस म्हणजे फिलिप हेन्री गॉस. निसर्गाभ्यासक, चित्रकार, कडवा धार्मिक. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्याला तेव्हा ‘फिश हाउस’ म्हणायचे. त्यात ठेवायला गॉसने डेव्हनच्या किनाऱ्यावरून समुद्री जीव पुरवले. पुढच्या वर्षी त्याचं ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि आपण आज वापरतो तो शब्द त्या अर्थाने घराघरांत गेला.

गॉससमोर प्रश्न साधा होता. समुद्र लंडनला आणायचा कसा? त्याने सुचवलेला एक मार्ग मला फार आवडला. टेम्स नदीच्या मुखाबाहेर जाणाऱ्या आगबोटीच्या कप्तानाला थोडे पैसे द्यायचे आणि सांगायचं, की बाबा, नदीचं पाणी जिथे संपतं त्याच्या पुढे, उघड्या समुद्रात पिंप भर. आणि पिंप कसलं असावं यावरही त्याने लिहिलंय. ओकच्या लाकडाचं नको. ओकमधला टॅनिन पाण्यात उतरतो आणि जीव मरतात. बूचसुद्धा ओकचं चालणार नाही! मी हे वाचताना आपल्या छंदातले लोक आठवले, जे दुकानात जाऊन ड्रम उलटा करून खाली ‘फूड ग्रेड’ची खूण शोधतात आणि पितळी नळ दिसला की मागे सरतात, कारण तांब्याचा अंश श्रिंप-गोगलगायींना विष. १७० वर्षं झाली, साठवायच्या भांड्याची काळजी तीच आहे.

तरीही आगबोटीच्या पाण्यावर छंद चालत नाही. बर्मिंगहॅमच्या माणसाने काय करायचं? म्हणून १८५४ च्या एप्रिलमध्ये गॉसने पाणी स्वतः बनवायला घेतलं. त्याच्यासमोर ब्रायटनच्या श्वाइट्झरने केलेलं इंग्लिश खाडीच्या पाण्याचं पृथक्करण होतं. हजार भाग पाण्यात कुठला क्षार किती, याची यादी. त्यावरून गॉसने पाककृती काढली. आजच्या मापात सांगतो: साधं मीठ साधारण १०० ग्रॅम, एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट ७ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड १३ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड अडीच ग्रॅम. हे सगळं गॅलनभराहून थोड्या कमी पाण्यात. एप्सम सॉल्ट तर औषधाच्या दुकानात जुलाबासाठी मिळायचं. म्हणजे समुद्र बनवायचा तर किराणावाला आणि औषधवाला, एवढ्या दोघांत काम झालं.

यादीतल्या तीन गोष्टी त्याने सोडून दिल्या. ब्रोमाइड, जिप्सम आणि कॅल्शियम कार्बोनेट. प्रमाण इतकं कमी, की फरक पडणार नाही असं त्याला वाटलं. माझ्यासारख्याला इथे धडकी भरते, कारण कॅल्शियम सोडलं म्हणजे शंख-कवच बांधायचा मालच सोडला. पण त्याचं निभावलं. माझा अंदाज असा, की लंडनचं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं, मुळातच जड, कॅल्शियमने भरलेलं. त्याच्या रेसिपीतला न लिहिलेला पदार्थ नळातून येत होता. आज आपण आरओचं पाणी वापरतो, ज्यात जवळपास काहीच नसतं. त्या पाण्यात गॉसची रेसिपी केली तर टँक कॅल्शियमविना उपाशी राहील.

आणि आता ते, ज्यासाठी मी या माणसाला सलाम करतो. पाणी तयार झाल्यावर गॉसने त्यात लगेच जीव सोडले नाहीत. पाणी गाळलं, तळाशी किनाऱ्यावरचे गोटे टाकले, हिरवं समुद्री शेवाळ चिकटलेले दगड ठेवले आणि आठवडाभर थांबला. त्यानंतर समुद्रफुलं आणि इतर जीव आत गेले. सहा आठवड्यांनी ते मजेत होते, असं त्याने लिहिलं. आठवडाभर! मी तासभरही थांबलो नव्हतो.

त्याच वर्षी वॉरिंग्टननेही कृत्रिम समुद्रपाण्यावर लिहिलं. दोघांची रेसिपी हातोहात पसरली आणि इंग्लंडात टँकचं वेड लागलं. या वेडाची दुसरी बाजूही सांगायला हवी. गॉसच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ मध्ये आपल्या वडिलांवर पुस्तक लिहिलं. त्यात तो हळहळतो, की वडिलांची पुस्तकं वाचून लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर आल्या आणि ती खडकातली डबकी ओरबाडून रिकामी झाली. ज्या माणसाने समुद्र घरात आणायला शिकवलं, त्याच्याच किनाऱ्यावर हे झालं.

इथून गोष्ट साठवणुकीकडे वळते, आणि तिचा नायक आहे विल्यम अल्फर्ड लॉइड. याने रीजंट्स पार्कजवळ पोर्टलँड रोडवर दुकान टाकलं होतं. टँक, समुद्री जीव आणि समुद्राचं पाणीही विकायचा. पाणी विकणं हा धंदा म्हणजे त्याचं मोल तुम्हाला कळतंच. लॉइडच्या लक्षात आलं, की पाणी फेकायची गरज नसते, ते नीट ठेवता यायला हवं. हिरवं पडलेलं पाणी झाकून अंधारात ठेवलं की काही दिवसांत स्वच्छ होतं. उजेड नाही तर शेवाळ नाही, आणि गाळ आपोआप तळाशी बसतो.

लोकांना दिसणारा टँक छोटा आणि खाली, अंधारात, त्याच्या कितीतरी पट मोठी टाकी. पंप सतत चालू, पाणी वर जातंय, परत खाली येतंय. १८६४ मध्ये हॅम्बुर्गच्या मत्स्यालयाचं काम त्याने पाहिलं आणि १८७१ मध्ये लंडनजवळ सिडनमला क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय याच तत्त्वावर उभं केलं. तिथलं पाणी ब्रायटनहून रेल्वेने आलं होतं. एखादा मासा मेला, पाणी बिघडलं, तरी एवढ्या मोठ्या साठ्यात त्याचा परिणाम विरून जायचा. आज रीफ टँकवाले खालच्या कपाटात संप ठेवतात, खोलीच्या कोपऱ्यात झाकणाचा काळा किंवा निळा ड्रम ठेवतात, ते सगळे लॉइडचेच वारसदार.

बर्लिनला मात्र रेल्वेने पाणी आणणं परवडणारं नव्हतं. उंटर डेन लिंडेन या रस्त्यावर १८६९ मध्ये तिथलं मत्स्यालय उघडलं. तिथे ओटो हर्मेस हा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने कृत्रिम पाणी मोठ्या प्रमाणावर बनवून वापरलं. हा छंदातला प्रयोग आता संस्थेच्या कामाचा झाला.

पण एक शंका अजून शिल्लक होती, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. गॉसने इंग्लिश खाडीचं पाणी नक्कल केलं. मग अरबी समुद्राच्या माशाला ते चालेल का? प्रत्येक समुद्राची वेगळी रेसिपी लागली तर बाजारात किती प्रकारचं मीठ ठेवणार?

१८१९ मध्येच मार्सेट नावाच्या, लंडनमध्ये राहणाऱ्या स्विस डॉक्टरने एक अंदाज मांडला होता, की जगातल्या सगळ्या समुद्रांत तेच क्षार, त्याच प्रमाणात असतात. पाणी कमी-जास्त खारट असेल, पण क्षारांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. १८६५ मध्ये डेन्मार्कच्या फोर्खहामरने अनेक ठिकाणचे नमुने तपासून त्याला बळ दिलं. आणि मग आलं ‘चॅलेंजर’ जहाज. १८७२ ते १८७६ अशी साडेतीन वर्षं हे ब्रिटिश जहाज जगभरचे समुद्र फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्हेल्म डिटमारने ग्लासगोला बसून एकेक क्षार वेगळा करत मोजले. १८८४ मध्ये निकाल छापला: प्रमाण सगळीकडे जवळजवळ तेच.

जरा थांबून याचा विचार करा. ७७ बाटल्या, कॅलक्युलेटर नाही, मशीन नाही, हाताने तोलून केलेली मोजणी. आणि त्यातून निघालं, की पृथ्वीवर समुद्राची रेसिपी एकच आहे. म्हणून आज अमेरिकेत किंवा जर्मनीत भरलेली बादली ठाण्याच्या टँकमधल्या इंडोनेशियाच्या क्लाउनफिशला चालते. आणि म्हणूनच हायड्रोमीटर नावाची वस्तू उपयोगाची ठरते. प्रमाण पक्कं असेल तर एका आकड्यावरून बाकी सगळं कळतं.

प्रमाण पक्कं असेल तर! माझ्या वरवंट्याची चूक या ‘तर’मध्ये आहे. त्याच्याकडे येतोच, आधी बादली बाजारात आणू.

१९३० मध्ये शिकागोला शेड अक्वेरियम उघडलं. समोर मिशिगन सरोवर, पाण्याला तोटा नाही, पण गोडं. समुद्र खूप लांब. त्यांनी काय करावं? फ्लोरिडाच्या टोकाला असलेल्या की वेस्टहून रेल्वेच्या वीस टँकर डब्यांनी आठ फेऱ्या केल्या आणि दहा लाख गॅलन समुद्र शिकागोत आणला. क्रिस्टल पॅलेसचीच युक्ती, अमेरिकी मापात. आज तेच मत्स्यालय मीठ कालवून आपलं पाणी स्वतः बनवतं.

त्या दोन गोष्टींच्या मधे १९४० मध्ये लायमन आणि फ्लेमिंग या दोघांनी समुद्रपाण्याचं घटकप्रमाण नव्याने मांडून कृत्रिम पाण्याचं सूत्र दिलं. प्रयोगशाळांना ते फार उपयोगी पडलं. मग १९६० च्या दशकात प्लास्टिकची पिशवी, घरगुती टँक आणि हे सूत्र एकत्र आले. ओहायोत १९६४ मध्ये ‘इन्स्टंट ओशन’ हे मिश्रण आलं, जर्मनीतही अशी मिठं निघाली. इन्स्टंट कॉफीसारखा इन्स्टंट समुद्र. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे, पण त्या ‘इन्स्टंट’ शब्दाने माझ्यासारख्या कितीजणांना फसवलं असेल.

तुम्ही म्हणाल, ठाण्यात राहतोस, मुंबईचा समुद्र तासाभरावर आहे, कॅन भरून आण. विचार केला होता. पण आपला किनारा म्हणजे खाड्या, नाले आणि सांडपाणी. आणि पावसाळ्यात चार महिने वरून गोडं पाणी. गॉसने कप्तानाला सांगितलेली अट आठवा, नदी संपते त्याच्या पुढचं पाणी हवं. माझ्या ओळखीत तसा कप्तान नाही. ज्यांच्या दारात स्वच्छ समुद्र असतो त्यांची गोष्ट वेगळी. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी जिवंत प्रवाळखडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालवायची पद्धत लिहिली, ती अशा पाण्यावरच उभी होती. आमच्यासारख्यांना बादलीला पर्याय नाही.

तर आता बादली उघडू, आणि माझा गुन्हा.

मिठागरात कडू पाणी का काढून टाकतात हे वर सांगितलं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. टँकच्या मिठात ते मुद्दाम घातलेलं असतं, शिवाय कॅल्शियम क्लोराइडही, आणि ते तर ओल खेचण्यात आणखी पुढे. म्हणून हे मीठ आजीच्या बरणीपेक्षा कितीतरी हावरट. पण खरा घात गोळा होण्यात नाही. मिश्रणात कॅल्शियमही असतं आणि बायकार्बोनेटही. कोरडे असताना दोघं शेजारी शेजारी गुपचूप बसतात. ओल आली की दोघांची गाठ पडते आणि चुनखडी तयार होते, कॅल्शियम कार्बोनेट. ती पाण्यात परत सहज विरघळत नाही. माझं ताकासारखं पाणी म्हणजे ती चुनखडी. चार महिने गॅलरीत बसून माझ्या मिठाने आपली अल्कलिनिटी खाऊन टाकली होती.

त्यात भर म्हणजे मी मिठावर पाणी ओतलं. पहिल्या तांब्याभर पाण्यात मिठाचा डोंगर, म्हणजे कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही प्रचंड दाट, पुन्हा चुनखडी. उलट केलं, म्हणजे आधी पाणी, त्यात पंप फिरता ठेवून थोडं थोडं मीठ, तर ते दाट व्हायच्या आत पांगतं. उसिग्लिओच्या वाफ्यात सगळ्यात आधी खाली बसलेला क्षार आठवतो ना? तोच हा.

आणि मित्राबरोबरची वाटणी! प्रवासात बादली हलते, बारीक कण तळाला सरकतात, जाड वर येतात. वेगवेगळ्या क्षारांचे कण वेगवेगळ्या आकाराचे. तेव्हा वरचं मीठ त्याला आणि खालचं मला, म्हणजे डिटमारचं पक्कं प्रमाण आम्ही दोघांनी ठाण्यात बसून मोडलं. हायड्रोमीटर फक्त एकूण जडपणा मोजतो. त्याने १.०२५ सांगितलं ते खरंच होतं. कशाचे १.०२५, हे त्याला विचारायची सोय नसते. त्याने प्रमाण बरोबर आहे असं धरलं होतं आणि प्रमाण मी बिघडवलं होतं. आमच्या क्षेत्रात सांगायचं तर टेस्ट पास झाली, पण टेस्टच चुकीच्या गोष्टीची होती. आणि वर मी थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय केलं.

मित्राच्या टँकला काही झालं नाही, हे सांगायला हवं. त्याने आपलं मीठ झाकणाच्या डब्यात ठेवलं होतं. शिवाय पाणी रात्रभर फिरवूनच घालायचा. वाटणीतली चूक त्याच्या नशिबाने पचली. मी त्याला फोन करून तुझ्या मिठाचं काय झालं विचारलं, तर म्हणाला, “का रे, संपलं. तुझं उरलंय का?” उरलेला धोंडा मी त्याला दाखवला नाही.

आता माझ्याकडे कशी व्यवस्था आहे ते सांगतो, कारण मागच्या भागानंतर तिघांनी विचारलंय. मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा बेडरूमच्या कपाटात. घरचे हसतात, हसू देत. पावसाळ्यापुरतं तरी मोठी बादली घेत नाही, महिना-दोन महिन्यांत संपेल एवढीच. नवीन बादली आली की झाकण लावून आडवी पाडतो आणि हॉलमध्ये लोळवतो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत. मिसळायला ऐंशी लिटरचा निळा ड्रम. आरओचं पाणी, पंप, मग कपाकपाने मीठ. लिटरला साधारण ३५ ग्रॅमच्या हिशेबाने थोडं कमी टाकतो, मोजतो, मग पूर्ण करतो. मोजायला आता रिफ्रॅक्टोमीटर, आणि अल्कलिनिटीची टेस्ट प्रत्येक नव्या बादलीला एकदा तरी. टँकमधलं पाणी उडून पातळी उतरली तर साधं आरओचंच पाणी घालतो, कारण उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. ही एक गोष्ट मात्र मी आधीपासून बरोबर करत होतो, तेवढं श्रेय द्या.

हे रेकॉर्ड करतोय तेव्हा रविवारची रात्र आहे. मागे बारीक घरघर ऐकू येत असेल, तो ड्रममधला पंप. झाकण लावलेलं आहे, आत अंधार. उद्या रात्री ऑफिसमधून आल्यावर मोजेन आणि मगच पंधरा लिटर बदलेन. अ‍ॅनिमोन आता पुन्हा बशीएवढा झालाय. श्रिंप नवीन आणलेला नाही अजून.